डाव्या खांद्यामागचा माणूस

नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस टीव्हीत राहतो. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेआठला येतो. पांढरे केस, कडक इस्त्रीचा कुर्ता, साजूक तुपातला आवाज. मालिका सुरू झाली तेव्हा तो जिल्हा परिषदेचा साधा सदस्य होता. आता मुख्यमंत्र्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतो आणि डोळा मधल्या खुर्चीवर ठेवतो. इथवर येताना त्यानं मित्राचा संसार मोडला, सख्ख्या भावाच्या अपघातावर मतं मागितली, आणि ज्या म्हाताऱ्यानं त्याला पहिलं तिकीट दिलं त्याला भर सभेत रडवलं. हे सगळं हसतमुखानं. त्याची एक खोड आहे. ज्याचा काटा काढायचा ठरला, त्याला तो घरी चहाला बोलावतो आणि स्वतःच्या हातानं त्याच्या कपात साखर घालतो.

चमचा दिसला की बाबा खुर्चीत पुढे सरकतात.

"पाह्य, साखर घालून राह्यला. गेला हा."

हे ते मला सांगत नाहीत, टीव्हीला सांगतात. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसलेली असते, मांडीवर मेथी नाहीतर शेंगा. मी उठून गेले तरी ते तेवढ्याच आवाजात बोलत राहतात, हे मी एकदा मुद्दाम उठून जाऊन पाहिलं आहे.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. सदरला एका ऑफिसात नोकरी करते. लग्न झालं होतं, मोडलं. मूलबाळ नाही. मोडल्यावर काही वर्षं नंदनवनला भाड्याच्या खोलीत राहिले. आई गेली, बाबा एकटे पडले, म्हणून इकडे आले. दोन बॅगा आणि शिलाई मशीन घेऊन दारात उभी राहिले तेव्हा बाबांनी बॅगांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मशीन आतल्या खोलीत ठेव." झालं स्वागत. लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी काही विचारलं नव्हतं. आईनं विचारलं, आई रडली, आईनं माझ्या सासरच्यांचा उद्धार केला. बाबा अंगणात खुर्च्या मोजत होते.

मला वाटलं, राहायला आले आहे तर आता विचारतील. मग वाटलं, दिवाळीला विचारतील. काय झालं होतं ते विचारा, नाहीतर नुसतं कशी आहेस एवढं तरी विचारा. लोक म्हणतील, एवढ्या वयाच्या बाईचं बापानं विचारलं नाही म्हणून काय अडतं? अडतं. दिवसभर ऑफिसात मी लोकांशी बोलते, गाडीवरून येताना भाजीवाल्याशी बोलते, घरी येऊन कुलूप नसलेलं दार उघडते आणि तरी वाटतं की आपण कुलूपबंद घरात शिरतो आहोत. एक प्रश्न हवा होता, तोही बापाच्या तोंडून.

आणि राग येतो तो यासाठी की बाबा न विचारणाऱ्यांतले मुळीच नाहीत. अख्ख्या भागाची विचारपूस त्यांनी केली आहे.

बाबांचं बिछायत केंद्र होतं. सतरंज्या, खुर्च्या, मंडपाचं कापड, भात शिजवायचे मोठे गंज. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, सामान बाबांकडून जायचं. त्यामुळे कुणाची म्हातारी खाटेवर आहे, कुणाचा जावई रुसून बसला आहे, कुणाची पोरगी बारावीला अडकली, हे बाबांना त्या त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. या भांडवलावर ते भाऊंच्या जवळ गेले. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. तेव्हा नगरसेवक होते, पुढे आमदार झाले, मग आणखी वर गेले. भाऊंची ख्याती अशी की ते एकदा भेटलेला माणूस विसरत नाहीत. लग्नाच्या मंडपात शिरले की, "काय गा, पोराची नोकरी लागली काय?" "काकू, मोतीबिंदू काढला की नाही?" माणूस जागच्या जागी विरघळायचा. लोक म्हणायचे, भाऊंची मेमरी लय भारी. ती मेमरी भाऊंच्या डाव्या खांद्यामागे उभी असायची आणि पायात रबरी चप्पल घालायची.

त्या कामाचीही एक रीत होती. उभं राहायचं ते डावीकडेच, कारण उजव्या हाताला नमस्कार, हार, हस्तांदोलन. समोरचा माणूस चार पावलांवर आला की बोलायचं. आधी बोललं तर भाऊ विसरतात, उशिरा बोललं तर त्याला ऐकू जातं. नाव, नातं आणि दुखणं, एवढंच सांगायचं. ओठ हलवायचे नाहीत. आणि कानाशी तोंड न्यायचं म्हणून निघताना तोंडात लवंग टाकायची. माझ्या लहानपणी बाबांच्या अंगाला लवंगेचा वास आला की मी समजायचे, आज हे घरी नाहीत. लष्कराच्या भाकरी भाजायला निघाले. मी कितवीत आहे हे त्यांना आईला विचारावं लागे, आणि तिकडे भाऊ त्यांच्याच जिवावर कुणाच्या तरी पोरीचे बारावीचे मार्क सांगत असायचे.

माझ्या लग्नातही ते तिथेच होते. स्टेजवर मी उभी, शालूत घामाघूम, आणि भाऊ चढून आले तसे बाबा त्यांच्या मागे. बापानं लेकीच्या शेजारी उभं राहावं तर हे पुढाऱ्याच्या मागे. भाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुखी राहा बाई. आणि काही झालं तरी नोकरी सोडू नको." माझ्या सासूचा चेहरा उतरला, कारण महिनाअखेर राजीनामा द्यायचा हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. पण भाऊ भर मंडपात बोलून गेलेले, आता मोडता कोण घालणार? नोकरी राहिली. पुढे नवरा सुटला, घर सुटलं, त्या नोकरीनंच मला पोसलं. म्हणून त्या माणसाबद्दल मनात कितीही कडवट आलं तरी मी एवढं मान्य करत आले, की त्यानं मला आयुष्यात एक गोष्ट चांगली सांगितली.

नाहीतर कडवट यायला कारणं पुष्कळ होती. बाबांचे गुडघे गेले, तासन्‌तास उभं राहवेना. केंद्र विकलं. भाऊंनी त्यांना काढलं वगैरे काही नाही. नुसती भाऊंची गाडी दारात थांबेनाशी झाली. मग आई गेली. भागातल्या प्रत्येक तेरवीला पोचणारे भाऊ आमच्या तेरवीला येतील म्हणून बाबांनी पंगत तासभर अडवून धरली. काठी टेकत फाटकाशी उभे, तोंडात लवंग. भाऊ आले नाहीत. पाहुण्यांना बाबा सांगत होते, "हिवाळी अधिवेशन सुरू आहे नं, कसे येतीन?" अधिवेशन नागपुरातच असतं. विधानभवनापासून आमचं घर गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. हे मी तोंडावर आणलं नाही, वरण वाढत राहिले.

पुढे एक किस्सा कानावर आला. भाऊ नंदनवनात एका घरी गेले. दारात मंडप, खुर्च्या, माणसं. भाऊंनी घरधन्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "अभिनंदन. जोडा शोभून दिसते." ती तेरवी होती. लग्न पुढच्या गल्लीत होतं. मी हे बाबांना सांगताना हसून हसून बेजार झाले. बाबा हसले नाहीत.

"डाव्या बाजूले कोणी नसन," ते म्हणाले. "मंडप पाह्याचा असते. तेरवीच्या मंडपाले झालर नसते लावत."

बाबा मालिका पाहतात तीही अशीच. सगळं जग त्या पांढऱ्या केसांच्या पुढाऱ्याकडे पाहतं, बाबा त्याच्या मागच्या माणसाकडे. मालिकेतही एक असा आहे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात पिशवी. त्याला संवाद फारसे नसतात. बाबा त्याच्यावर चिडतात. "उजव्या बाजूले काहून उभा राह्यला? हार कुठून घालतीन लोक?" कधी खूश होतात. "आता बरोबर. आता शिकला."

मग गेल्या हिवाळ्यात तो भाग आला. पुढाऱ्यावर जमिनीचं प्रकरण शेकलं. रात्रभर खल झाला आणि सकाळी त्यानं त्या पिशवीवाल्याला चहाला बोलावलं. समोर बसवलं. इतक्या वर्षांत त्या माणसाला कुणी समोर बसवलं नव्हतं, तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पुढारी म्हणाला, तू माझा भाऊ आहेस. आणि साखरेच्या भांड्याकडे हात नेला.

मी वाट पाहिली, आता बाबा म्हणतील, गेला हा. बाबांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

घर एकदम रिकामं झालं. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तेवढा आवाज. माझी जीभ काही आवरेना.

"तुमचे भाऊही असेच, बाबा. साखरसुद्धा घातली नाही तुमच्या चहात."

"थो शिरीयलमधला आहे," बाबा म्हणाले. "आपले भाऊ तसे नाहीत."

आणि ते काळ्या पडद्याकडे पाहत तसेच बसून राहिले, पुढची जाहिरात संपायची वाट पाहिल्यासारखं. मला माझ्याच बोलण्याचा राग आला आणि त्यांच्या उत्तराचा त्याहून जास्त. जेवण वाढलं. आम्ही जेवलो. मेथीत मीठ कमी होतं, तेही ते बोलले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी महानगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. भाऊंच्या मुलाला आमच्या प्रभागातून उभं करायचं ठरलेलं, हे पोरासोरांना माहीत होतं. एका शनिवारी फोन आला. भाऊ उद्या सकाळी काकाजींकडे, म्हणजे बाबांकडे, चहाला येणार आहेत.

बाबांनी रविवारी पहाटेच अंघोळ केली. पांढरा कुर्ता काढला, तो अंगावर सैल झाला होता, खांद्याची शिवण दंडावर आलेली. मी मशीनवर घाईघाईनं दोन टाके घातले. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"लवंगा कुठी ठेवल्या वं?"

मी डबी दिली. त्यांनी एक तोंडात टाकली, एक खिशात. मला लहानपणीसारखं वाटलं: हे चालले. कुठे चालले? घरातच तर आहेत. मी त्यांना म्हटलं, बाबा, मत मागायला येऊन राहिले ते, दुसरं काही नाही. बाबा म्हणाले, "माहीत आहे मले." असं म्हणाले की मलाच ओशाळं वाटलं.

चहात मी साखर आधीच घालून टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. हसा हवं तर. आमच्या घरात कुणी कुणाच्या कपात चमचा हलवलेला मला चालला नसता.

भाऊ आले. थकलेले दिसले. मागे पंधरावीस माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं आमच्या अंगणात. बाबांना शाल झाली, फोटो झाला. "काकाजी, तब्येत जपा. तुमच्यासारखी माणसं आता कुठी राह्यली?" चहा समोर ठेवला तर म्हणाले, "मले शुगर आहे, ताई." मी कप परत नेला. आत जाऊन बिनसाखरेचा टाकला आणि आधण येईतो जाळीच्या दारातून बाहेर पाहत राहिले.

अंगणातली माणसं नमस्काराला पुढे सरकायला लागली होती. भाऊ उभे राहिले, हसू चेहऱ्यावर लावलं, आणि पहिल्याच माणसापाशी अडखळले. "काय... बरं आहे नं?" मोबाईलवाले पोरांसारखे इकडेतिकडे पाहत होते, त्यांच्या मोबाईलमध्ये ते नाव नव्हतं. तेवढ्यात बाबा उठले. ज्यांना खुर्चीतून उठायला दोन्ही हात आणि माझा खांदा लागतो ते एका झटक्यात उठले, काठी भिंतीला टेकवली आणि चालत जाऊन भाऊंच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले. मान किंचित पुढे. ओठ हललेले दिसले नाहीत.

"काय गा, पोरगी पुण्याले गेली म्हणते, करमते काय तिले?" भाऊ म्हणाले, आणि तो माणूस विरघळला.

मग एकामागून एक. काकूंचा गुडघा, कोपऱ्यावरच्या घरातली बाळंतीण, दुकानदाराचं सुटलेलं व्यसन. बाबा तर महिनोन्‌महिने फाटकाच्या बाहेर पडले नव्हते. दिवसभर खिडकीपाशी बसून हे सगळं त्यांनी कधी वेचलं होतं कुणास ठाऊक. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी जुनी आग पेटली. एवढ्यांचं माहीत आहे तुम्हाला. एवढ्यांचं.

मी नवा कप ट्रेमध्ये ठेवून बाहेर आले. भाऊ माझ्याकडे पाहत होते खरे, पण त्यांना ट्रे दिसत होता. मी चार पावलांवर असताना बाबांची मान वळली. त्यांनी मला पाहिलं आणि ते भाऊंच्या कानाशी वाकले.

इतरांपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिले.

भाऊंनी कप घेतला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या त्या सभेच्या आवाजात म्हणाले, "काय ताई, पाठ कशी आहे? रात्री झोप नाही लागत म्हणते तुम्हाले. पाणी प्यायले उठता, मग बसूनच राहता. असं एकटं एकटं राहू नाही बाई."

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. ऑफिसात नाही, डॉक्टरला नाही. रात्री मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसते, बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं असतं, आतून घोरण्याचाही आवाज येत नाही. मला वाटायचं या घरात मला पाहणारं कुणी नाही. समोर तो पुढारी उभा होता, त्याला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या तोंडून माझा बाप बोलत होता. लवंगेचा वास येत होता. आणि तोच वास मला त्या स्टेजवरही आला होता, भाऊ नोकरी सोडू नको म्हणाले तेव्हा, हे मला इतक्या वर्षांनी आठवलं. सासूच्या मनातलं बाबांना कळलेलं होतं, त्यांना सगळ्यांच्या घरचं कळायचंच. त्यांनी हिशेब केला असणार, आपण बोललो तर मुलीचा बाप बोलला एवढंच होईल. भाऊ बोलले तर कुणाची हिंमत होणार नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या राजकारणात सतरंज्या अंथरणाऱ्या माणसानं स्वतःसाठी एवढी एकच चाल खेळली होती, आणि तिचं श्रेय मी दुसऱ्यालाच देत बसले होते.

अशा वेळी सगळे म्हणतात, बरं आहे भाऊ, तुमचा आशीर्वाद. मीही म्हणणार होते. पण मी भाऊंच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाले, "नाही लागत झोप. लय एकटं वाटते मले."

भाऊंना उत्तराची सवय नव्हती. "होईन, होईन, सगळं बरं होईन," म्हणत ते पुढच्या माणसाकडे वळले सुद्धा. बाबांनी मान खाली घातली होती. गालातली लवंग त्यांनी या बाजूची त्या बाजूला केली, आणि पुढच्या माणसाचं नाव सांगितलं.

गाड्या गेल्या. अंगणात चपलांचे ठसे आणि चुरगळलेले कप. बाबांचे गुडघे दुपारपर्यंत सुजले, मी शेक दिला. शाल मी घडी करून कपाटात टाकली.

सोमवारी साडेआठला त्यांनी आपणहून टीव्ही लावला. पिशवीवाला तुरुंगात गेला होता आणि पुढाऱ्याच्या मागे नवा माणूस होता, चुकीच्या बाजूला उभा. पुढाऱ्यानं कुणाला तरी चहाला बोलावलेलं. चमचा कपात फिरायला लागला. बाबा खुर्चीत पुढे सरकले नाहीत. टीव्हीकडेच पाहत, टीव्हीशी बोलावं तशाच आवाजात म्हणाले,

"झोपली होती काय वं रात्री?"

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मीही टीव्हीलाच उत्तर दिलं, त्यांच्या पाठीमागून, स्टुलावरून.

"थोडी. पहाटेपर्यंत जागीच होती."

जाहिराती लागल्या. बाबांनी रिमोट शोधला, आवाज कमी केला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी बी जागाच असतो."